सकाळी हसरा, संध्याकाळी चिडका: हा बायपोलर नव्हे

'घडीत हसतो, घडीत चिडतो, बायपोलरच असणार!' रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे सर्रास ऐकू येतं. चूक. भरती-ओहोटीसारखं दिवसातून दोनदा पालटणं हे या आजाराचं मुख्य लक्षण नाही. बायपोलरमध्ये उन्माद (अवाजवी उत्साह) आणि नैराश्य यांचे सलग काळ येतात: उन्माद साधारण 7 दिवस तरी टिकतो, सौम्य उन्माद 4 दिवस, नैराश्य 2 आठवडे. उन्मादात तीन तास झोपूनही गडी ताजातवाना, पहाटे होडी रंगवायला घेतो, दुपारी कर्ज काढून दुसरी ठरवतो. घरचे आधी कौतुक करतात, मग कौल लावतात!

मोबाईलवरची चाचणी फक्त शंका दाखवते, निदान मानसोपचारतज्ज्ञाचं. नैराश्यासाठी गेलात तरी ते 'उत्साहाचे' दिवस सांगाच, कारण नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी काहींचा उन्माद उसळतो. मरणाचे विचार येत असतील तर लगेच टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. मराठीत बोलता येतं.