कमरेचा काच आणि त्वचेचा कर्करोग

उन्हात टोपी घाला, सनस्क्रीन लावा, म्हणजे त्वचेचा कर्करोग टळेल, हा सल्ला जगभर गाजला तो ऑस्ट्रेलियामुळे. तिथे १९८१ मध्ये 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम सुरू झाली. दिवसभर रानात राबणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांसाठी सल्ला रास्तच होता. सावळ्या कातडीला मात्र मेलॅनिन या रंगद्रव्याचं बरंच संरक्षण असतं, त्यामुळे आपल्याकडच्या खेड्यांत या रोगाची कारणं डॉक्टरांना वेगळ्याच ठिकाणी सापडली.

जुनी नोंद काश्मीरची आहे. फेरन या सैल अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी, म्हणजे हातातली शेगडी, धरणाऱ्यांच्या ओटीपोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाबद्दल मिशनरी डॉक्टर विल्यम एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये लिहिलं. वर्षानुवर्षांच्या शेकाने कातडी जाळीदार काळी पडते, आणि पुढे त्यातच व्रण उठतो.

आपल्या अधिक जवळची गोष्ट १९४५ ची. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी रोजच्या सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात धोतराचा कर्करोग होता. धोतर कमरेला रोज त्याच जागी आवळलं जातं. घाम, धूळ आणि घर्षण यांनी तिथली कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, कधी पांढरी पडते, आणि एक दिवस चिरते. जखम भरते न भरते तोच गाठ पुन्हा तिथेच बसते. दीर्घकाळ न भरलेल्या जखमेत किंवा जुन्या व्रणात उठणाऱ्या कर्करोगाला 'मार्जोलिनचा व्रण' म्हणतात. त्यातलाच हा प्रकार.

पुढे साडीचं नावही याला जोडलं गेलं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकीकत छापली आणि 'परकराचा कर्करोग' बातम्यांत झळकला. त्यांतली साठी ओलांडलेली एक बाई चाळीस वर्षं परकराविना लुगडं घट्ट नेसत होती, आणि निदान झालं तेव्हा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. मथळ्यांनी साडीलाच आरोपी केलं. माझ्या मते ते चुकीचं आहे. हा रोग फार विरळा, आणि त्रास वस्त्राचा नाही, आवळण्याचा आहे. पण वाकून खुरपणी करायची, डोक्यावर भारा न्यायचा, तर सैल नेसून चालत नाही, हेही सल्ला देणाऱ्याने समजून घ्यावं.

म्हणून उपाय साधे हवेत: बारीक दोरीऐवजी रुंद नाडी किंवा इलॅस्टिक, लुगड्याखाली सैल परकर, गाठीची जागा अधूनमधून बदलणं, घरी आल्यावर काच सैल करणं. खरा उशीर दाखवण्यात होतो. कमरेची जागा दाखवायची लाज, त्यात डॉक्टर पुरुष, मग गजकर्ण समजून दुकानातलं मलम. महिन्याभरात न भरणारी, कडा उंचावलेली किंवा रक्ताळणारी जखम दिसली तर छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. आशा कार्यकर्तीला एवढी खूण माहीत असली तरी ती बाईला वेळेत दवाखान्यात पाठवू शकते.

बंगालमध्ये त्वचेच्या कर्करोगाचं कारण आणखी निराळं. अतिसार टाळायला खोदलेल्या कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे रुग्ण दिसू लागले: अंगावर ठिपके, तळहात-तळपाय खरखरीत. तिथे प्रतिबंध म्हणजे पाणी तपासणं, आणि दूषित नळकूप पिण्यासाठी बंद करून गावाला दुसरं पाणी देणं.