झेंडा कोणत्या प्राण्याच्या हाती द्यायचा?

१९६३ साली मोर भारताचा राष्ट्रीय पक्षी झाला. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी त्या मानासाठी गवताळ माळांवर राहणाऱ्या माळढोक पक्ष्याचं नाव पुढे केलं होतं. मोराला शिफारशीची गरजच नव्हती. देवळांपासून पैठणीच्या पदरापर्यंत तो आधीच पोहोचला होता. माळढोकाची संख्या घटत चालली होती. हा मान मिळाला तर देशाचं लक्ष त्याच्याकडे वळेल, हा त्या सूचनेमागचा विचार होता.

अशा प्राण्याला संवर्धनशास्त्रात ‘ध्वजवाहक प्रजाती’ म्हणतात. लोकांचं मन आणि सरकारचा पैसा वळवण्यासाठी पुढे केलेला चेहरा. जो प्राणी वाचवला की त्याच्या अधिवासातले इतर जीवही आपोआप वाचतात, ती ‘छत्र प्रजाती’. या दोन भूमिका एकच प्राणी निभावेल असं आपण गृहीत धरतो, आणि गफलत तिथेच होते.

चेहरा निवडताना आपल्या मेंदूचा कल आधीच ठरलेला असतो. मोठं कपाळ, टपोरे डोळे, गुबगुबीत अंग ही बाळाची लक्षणं दिसली की माणसात माया जागी होते, असं कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं. पांडाच्या डोळ्यांभोवतीचे काळे डाग हे काम चोख करतात. १९६१ साली जागतिक वन्यजीव निधीनं तोच आपल्या बोधचिन्हासाठी निवडला. काळ्या-पांढऱ्या चित्राला छपाईचा खर्च कमी, हाही त्यातला व्यवहार होता. पुढे चीननं पांडासाठी राखीव जंगलांचं जाळं उभारलं आणि २०१६ मध्ये तो ‘संकटग्रस्त’ यादीतून एका पायरीनं कमी धोक्याच्या, ‘असुरक्षित’ गटात आला.

त्या जंगलांत बाकीच्यांचं काय झालं? फक्त चीनमध्ये आढळणाऱ्या, जंगलात राहणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे ७० टक्के पांडाच्या प्रदेशात सापडतात, म्हणजे छत्र बरंच मोठं आहे. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की याच प्रदेशात १९५० ते ७०च्या दशकांच्या तुलनेत बिबट्याचा वावर ८१ टक्के संरक्षित क्षेत्रांतून नाहीसा झाला. लांडग्याचा ७७ टक्के, तर रानकुत्र्याचा ९५ टक्के क्षेत्रांतून. कारण सरळ आहे. पांडाला फार तर तेरा चौरस किलोमीटर पुरतात. या शिकारी प्राण्यांना प्रत्येकी शंभराहून अधिक लागतात, शिवाय पोटभर भक्ष्य. पांडाच्या मापानं बेतलेल्या जंगलात ते मावलेच नाहीत.

आपल्याकडे १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होतं. वाघामुळे जंगलं टिकली, नद्यांची पाणलोट क्षेत्रं टिकली, हे निर्विवाद. पण वाघ झाडीत राहतो. सोलापूर, नगर, पुणे जिल्ह्यांतल्या गवताळ माळांना त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि सरकारदप्तरी हे माळ बहुधा ‘पडीक’ ठरतात.

तिथला ध्वजवाहक माळढोक. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात अख्खे तालुके आले, लोकांची शेतं आली, आणि जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. गावकऱ्यांना माळढोक भेटला तो सरकारी मनाई म्हणून. २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आज देशभरात दीडशेहूनही कमी माळढोक उरले आहेत. वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा आणि विजेच्या तारांवर आदळून मरणारा हा पक्षी केवळ लोकांच्या रागामुळे घटला असं नाही. पण त्याच्या बाजूनं उभं राहणारं गावात कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

याच्या अगदी उलट गोष्ट आसामात घडली, आणि मला ती या विषयातली सर्वांत मोलाची वाटते. हरगिला हा पाच फूट उंचीचा करकोचा. डोकं जवळपास टकलं, गळ्याला लोंबती पिशवी, खाणं मेलेली जनावरं आणि मासे. लोरेन्झ यांच्या कसोटीवर शून्य गुण. घरांच्या आवारातल्या कदंबासारख्या उंच झाडांवर तो घरटी करतो. खाली विष्ठा आणि सडकं मांस पडतं, म्हणून मालक झाडंच तोडत. २००७ मध्ये असं एक झाड पिलांसकट पाडलेलं पाहून जीवशास्त्रज्ञ पूर्णिमा देवी बर्मन यांनी आपली पीएचडी बाजूला ठेवली आणि कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पचरिया भागातल्या बायकांशी बोलायला सुरुवात केली.

त्यांनी कायद्याचा धाक दाखवला नाही. विणीच्या हंगामात हरगिलासाठी आपल्या डोहाळजेवणासारखा सोहळा सुरू केला. बायकांना हातमाग आणि सूत मिळालं. साड्यांवर, गामोशांवर (आसामी उपरण्यांवर) हरगिला विणला जाऊ लागला आणि विक्रीचा पैसा घरात आला. घरट्यांखाली जाळ्या बांधून पडणारी पिलं वाचवली गेली. आज ‘हरगिला सेने’त दहा हजारांवर बायका आहेत. या परिसरातली घरटी २८ वरून २५० च्या पुढे गेली, आणि २०२३ मध्ये हा पक्षी ‘संकटग्रस्त’ यादीतून कमी धोक्याच्या ‘संकटसमीप’ गटात आला. मोहकता चोचीत किंवा पिसांतच असते असं नाही. माणसांच्या घरात त्याला कोणती जागा मिळते, त्यावरही ती ठरते.

आपल्या माळरानांसाठी असा चेहरा शोधायचा तर मी लांडग्याचं नाव घेईन. तो अजून आहे, त्याला वाघाइतकंच कायदेशीर संरक्षण आहे, आणि त्याच्याबरोबर खोकड, चिंकारा, धाविक पक्षी यांचा माळही राखला जाईल. पण त्याची किंमत आज धनगर मोजतो. मेंढरू गेलं तर भरपाईची तरतूद आहे. मात्र आज इंदापुरात आणि दिवाळीनंतर कोकणच्या वाटेवर असलेल्या माणसाला पंचनाम्यासाठी चार ठिकाणी हेलपाटे घालायला लावले, तर लांडगाही त्याच्या लेखी माळढोकासारखी मनाईच ठरेल. मेंढरांच्या वाड्यावरच पंचनामा आणि महिन्याच्या आत पैसे, सुरुवात इथून करावी लागेल; लांडग्याची पोस्टरं त्यानंतर.