कोणता सद्गुण आधी घ्यायचा?

दक्षिण इंग्लंडमधल्या एका तुरुंगातल्या ७९ कैद्यांना मानसशास्त्रज्ञांनी एक प्रश्नावली दिली. प्रामाणिकपणा, दयाळूपणा, विश्वासूपणा, उदारपणा, आत्मसंयम या गुणांत बाहेरच्या सर्वसाधारण माणसाच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता, असं त्यात विचारलं होतं. मारहाण आणि जबरी चोरी यांसाठी शिक्षा भोगणारे त्यांत बरेच होते. तरी त्या सगळ्या गुणांत त्यांनी स्वतःला सरासरीच्या वर ठेवलं. कायदा पाळण्याबाबत तेवढं ते म्हणाले, की आम्ही इतरांएवढेच आहोत. कॉन्स्टंटाइन सेडिकिडेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यात कैद्यांना हसण्यासारखं काही नाही. तुरुंगाबाहेरच्या लोकांवरच्या अभ्यासांतही हेच दिसतं. हुशारी किंवा मनमिळाऊपणा यांपेक्षा नीतीच्या बाबतीत माणूस स्वतःला जास्त झुकतं माप देतो.

म्हणूनच ‘मी कोणता सद्गुण अंगी बाणवावा?’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. जो गुण आपल्यात पुरेसा आहे अशी खात्री असते, तो वाढवायला कोण घेईल? जेसी सन आणि जेफ्री गुडविन यांनी २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं. स्वतःत काय बदलायला आवडेल, असं त्यांनी ८०० जणांना विचारलं. लोकांना चिंता कमी करायची होती, हातून जास्त काम व्हायला हवं होतं, चार माणसांत मोकळेपणाने मिसळायचं होतं. प्रामाणिकपणा, करुणा, न्यायबुद्धी वाढवण्याची ओढ त्या मानाने कमी होती. या लोकांत काय बदलावं असं वाटतं, हे संशोधकांनी त्यांना जवळून ओळखणाऱ्यांनाही विचारलं, आणि त्यांचंही उत्तर त्याच वळणाचं आलं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे पुढे येतो.

सद्गुण निवडून त्यांचा पद्धतशीर सराव करण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बेंजामिन फ्रँकलिनचं. तरुणपणी फिलाडेल्फियात छापखाना चालवताना त्याने गुणांची यादी केली. मिताहार, मौन, टापटीप, निश्चय, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, मध्यममार्ग, स्वच्छता, शांतचित्त, ब्रह्मचर्य. प्रत्येक गुणाला छोट्या वहीचं एक पान. पानावर सात वारांचे सात रकाने. रात्री दिवसभराचं वागणं आठवायचं आणि जिथे चूक झाली तिथे काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात एकाच गुणावर विशेष लक्ष, बाकीच्यांची नुसती नोंद. यादी अखेर तेरा गुणांची झाली, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. १७८४ मध्ये पॅरिसजवळच्या पासी इथे हे सगळं लिहून काढताना त्याने कबूल केलं, की टापटिपीने त्याला सर्वांत जास्त छळलं.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट टोचते. बाराही गुण त्याने स्वतः निवडलेले, आणि त्यांतले बहुतेक स्वतःची कामं आणि स्वतःचं मन नीट ठेवण्याचे. थेट दुसऱ्याशी संबंध येतो तो मुख्यतः सचोटी आणि न्याय या दोहोंत. तेरावा गुण, नम्रता, त्याला सुचलाच नव्हता. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात, आणि दाखलेही दिले. तेव्हा तो यादीत आला.

आणि न्याय? कुणाचं नुकसान करू नये आणि ज्याला जे देणं कर्तव्य आहे ते टाळू नये, अशी त्याची व्याख्या होती. यादीत हा गुण आठवा. पण हाच फ्रँकलिन अनेक दशकं गुलामांचा मालक होता. त्याच्या पेनसिल्व्हेनिया गॅझेट या वृत्तपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापल्या जात. १७५७ मध्ये तो लंडनला गेला तेव्हा पीटर आणि किंग नावाचे दोन गुलाम बरोबर होते. किंग तिथून पळून गेला. म्हातारपणी फ्रँकलिन बदलला हे खरं. १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि १७९० च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या दोन महिने आधी, गुलामगिरीविरुद्धचा अर्ज त्याच्या सहीने अमेरिकेच्या काँग्रेसपुढे, म्हणजे संसदेपुढे, गेला. पण तरुणपणी आखलेल्या त्या वहीत हा अन्याय काळा ठिपका म्हणून उमटण्याची सोयच नव्हती. न्याय हा शब्द यादीत होता. तो कुणाच्या बाबतीत तपासायचा हे मालकच ठरवत होता.

आता त्या जवळच्या माणसांकडे. त्यांनाही आपल्या नैतिक दोषांची फारशी फिकीर का नसावी? माझा अंदाज असा, की आपण त्यांच्याशी बरे वागतो. क्वेकर मित्राला फ्रँकलिनचा गर्व दिसला, कारण वादात तो त्याच्या वाट्याला येत होता. किंगच्या वाट्याला काय येत होतं, हे मित्राला विचारून कळलं नसतं. तेव्हा गुण निवडताना साक्ष घ्यायची ती आपल्या वागण्याचा मार ज्याला बसतो त्याची. आपल्याला उलट बोलण्याची ज्याची सोय नाही त्याची: घरकामाला येणाऱ्या बाई, हाताखालचा नवा मुलगा, सोसायटीचा वॉचमन, परावलंबी झालेले वडील. ही माणसं तोंडावर सांगणार नाहीत. आपण आल्यावर किंवा गेल्यावर त्यांच्या वागण्यात काय फरक पडतो, ते आपणच पाहावं लागतं.

अशी साक्ष मिळाली तरी ‘मी आता न्यायी होणार’ असा संकल्प फार मोठा ठरतो. १९२० च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांना कॉपी करण्याची, खोटं बोलण्याची, पैसे लपवण्याची संधी मिळेल असे प्रसंग रचले. वर्गात कॉपी करणारा मुलगा खेळातही फसवेलच, असं दिसलं नाही. एका प्रसंगावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं अवघड होतं. पुढे १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणसंस्थेतल्या ४० विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस दारात खोकत, कण्हत पडलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी मदत देऊ केली, फार घाईत असलेल्यांपैकी १० टक्क्यांनी. काही जण तर बायबलमधल्या, वाटसरूला मदत करणाऱ्या भल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरच बोलायला निघाले होते.

चाळीस जणांच्या प्रयोगावर फार मोठा निष्कर्ष उभारू नये. शिवाय एकाच माणसाचं वागणं अनेक प्रसंगांत मोजून सरासरी काढली, तर त्यात चांगलंच सातत्य दिसतं, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे स्वभाव असतो, पण तो प्रसंगाप्रसंगाने घडतो. सराव करायचा तो त्या प्रसंगाचाच. फ्रँकलिनने नम्रतेसाठी नेमकं हेच केलं. ‘निश्चितच’, ‘निःसंशय’ हे शब्द बोलण्यातून काढून टाकले आणि त्यांच्या जागी ‘मला असं वाटतं’ आणलं. खरी नम्रता किती आली याबद्दल त्याने बढाई मारली नाही. पण संभाषणं सुखाची झाली आणि मतं अधिक सहज स्वीकारली जाऊ लागली, असं त्याने नोंदवलं.

दिशा ठरवायला अ‍ॅरिस्टॉटलचा एक सल्ला आजही उपयोगी आहे. आपण कशाकडे आपोआप ओढले जातो ते आधी पाहावं, आणि वाकडं लाकूड सरळ करणारे करतात तसं स्वतःला उलट बाजूला नेटाने वाकवावं. भिडस्त माणसाने आणखी सोशिकपणा घेऊ नये, त्याला नाही म्हणण्याचं धैर्य हवं. फटकळ माणसाने सत्यवचनाचं व्रत घेणं म्हणजे आपल्याच खोडीला मान देणं. एकच गुण सगळ्यांना सुचवणाऱ्या उपदेशांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळेच.

नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नैतिक गुणांपुरता नव्हता, एकूण स्वभावबदलाचा होता. विद्यार्थ्यांनी पंधरा आठवडे छोटी छोटी कामं निवडायची: अनोळखी माणसाशी बोलणं, कुणाचे तरी आभार मानणं, अशा धर्तीची. ज्यांनी कामं खरोखर पार पाडली त्यांचा स्वभाव हव्या त्या दिशेला सरकला. कामं नुसती स्वीकारून न केलेल्यांना काहीच लाभ झाला नाही, आणि काही बाबतींत ते उलट दिशेला गेल्याची चिन्हं दिसली. म्हणून काम निवडायचं ते येत्या आठवड्यात नक्की होईल एवढंच: कामवाल्या बाईंचा पगार ठरल्या तारखेला, त्यांना मागायला न लावता देणं, किंवा हाताखालच्या माणसाचं वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये न बोलणं.