खारजल मत्स्यालयातील खडकजोडणीची चिकटद्रव्ये

समुद्री मासे व प्रवाळ पाळण्याच्या टाकीत खडक एकमेकांना जोडण्यासाठी आणि प्रवाळाचे तुकडे खडकावर बसवण्यासाठी वापरले जाणारे पदार्थ. प्रत्यक्ष वापरात तीनच टिकून आहेत : सायनोॲक्रिलेट म्हणजे घट्ट, जेल स्वरूपातला सुपरग्लू, दोन भाग मळून वापरायची इपॉक्सी पुटी, आणि सिमेंटचा मसाला. सिलिकॉनचे नाव या यादीत हमखास निघते, पण त्याची जागा काचेवर आहे, खडकावर नाही.

गोड्या पाण्याच्या टाकीत चार दगड शोभेला मांडले की काम भागते. प्रवाळाच्या टाकीत खडक शोभेपुरता नसतो. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्याच्या छिद्रांत राहतात, मासे त्याच्या आडोशाला झोपतात, आणि प्रवाळाला दिव्याजवळ नेण्यासाठी तो उंच रचावा लागतो. त्यातून कमानी, पुढे आलेले कडे, पोकळ गुहा अशा रचना तयार होतात. पंपांचा जोरदार प्रवाह त्यांवर दिवसरात्र आदळतो. मोठा शंख किंवा सी अर्चिन हा काटेरी, गोलसर प्राणी सैल दगड सहज लोटून देतो. पिस्तूल कोळंबी आणि तिच्या बिळात भाडेकरू म्हणून राहणारा गोबी मासा वाळू उकरून पाया पोखरतात. म्हणून मुख्य खडक आधी तळाच्या काचेवर टेकवायचा आणि वाळू मागाहून भरायची, हा नियम कोणत्याही गोंदाच्या आधी येतो.

भाराचे गणितही इथेच पाहून घेतलेले बरे. प्रवाळखडक मुख्यतः ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटाच्या खनिजाचा असतो. त्याची घनता २.९ च्या आसपास, समुद्राच्या पाण्याची १.०२५. त्यामुळे कोरडा १० किलोचा खडक, छिद्रांत पाणी भरून बुडाला की साधारण साडेसहा किलोच भरतो. पाणी बदलताना टाकी अर्धी रिकामी केली की तोच सांधा एकदम दीडपटीहून जास्त ओझे पेलू लागतो, कारण छिद्रांतले पाणी लगेच गळून जात नाही. रचना कोसळते ती बहुधा अशा वेळी, आणि तेव्हा हात टाकीत असतो. म्हणून खडक आधी कोरडेच, गोंदाशिवाय, रचून पाहावेत. जी रचना बोटाच्या टेकूशिवाय उभी राहत नाही ती गोंदाच्या भरवशावर ठेवू नये. गोंदाने हलणे थांबवावे, वजन पेलू नये.

‘सुरक्षित’ म्हणजे काय. हा शब्द पाकिटावरच्या रसायनाच्या नावावरून ठरत नाही. तो दोन गोष्टींवरून ठरतो : पदार्थ पूर्ण पक्का झाला आहे का, आणि मूळ रसायनाखेरीज त्यात आणखी काय मिसळले आहे. पक्के झालेले सायनोॲक्रिलेट, इपॉक्सी आणि सिलिकॉन हे तिन्ही पाण्यात जवळजवळ न विरघळणारे बहुवारिक (पॉलिमर) असतात. घात करतात ते त्यांतले सोबती : बुरशीनाशक, धातूची भुकटी, रंग, आणि प्रक्रिया पुरी न झाल्याने मोकळा राहिलेला अंश. धातूंत तांबे सर्वांत वाईट. माशांच्या अंगावरील परजीवींसाठी तांब्याचे औषध देतात तेव्हा पाण्यात लिटरला ०.१५ ते ०.२ मिलीग्रॅम आयनी तांबे ठेवतात. मासा एवढे सोसतो. प्रवाळ, कोळंबी, शंख, सी अर्चिन सोसत नाहीत. कोणत्याच धातूची जोखीम नको, म्हणून पोलादाची भुकटी घातलेली, ‘धातू जोडण्यासाठी’ म्हणून विकली जाणारी पुटी या टाकीसाठी पहिल्या फटक्यात बाद.

सायनोॲक्रिलेट. अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या चमूला १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमसाधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हे रसायन हाती लागले. ते दिसेल त्याला चिकटत असल्याने तेव्हा बाजूला टाकले गेले. १९५१ मध्ये कूव्हर आणि फ्रेड जॉयनर यांना त्याचे मोल पुन्हा उमगले, आणि १९५८ मध्ये ते ‘ईस्टमन ९१०’ नावाने बाजारात आले. आपल्याकडे ‘फेविक्विक’ हे नाव याच जातीच्या गोंदासाठी सामान्यनामासारखे वापरले जाते.

हा गोंद वाळत नाही, तर पाण्यामुळे घट्ट होतो. हवेतला किंवा पृष्ठभागावरचा ओलावा त्याच्या रेणूंची साखळी सुरू करून देतो. अल्कधर्मी वातावरणात ही क्रिया वेगाने होते, आम्लात मंदावते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, म्हणजे टाकीतले पाणी त्याला मानवतेच. या वेगाचा तोटाही आहे. गोंदाचा थेंब पाण्यात शिरताच त्याच्यावर पांढरी साय धरते आणि तिच्यामुळे आतला ओला गोंद खडकापर्यंत पोचतच नाही. प्रवाळाचा तुकडा चिकटवताना म्हणूनच एक लकब लागते : बुंधा टिपकागदाने टिपायचा, वाटाण्याएवढा जेल लावायचा, पाण्यात नेऊन खडकावर दाबताना किंचित पिळायचा. सायीचा पापुद्रा फाटतो आणि आतला गोंद खाचांत घुसतो. त्याआधी ती जागा ब्रशने घासून शेवाळ काढलेले असावे, नाहीतर गोंद शेवाळाला चिकटतो आणि शेवाळ खडकाला सोडते.

पातळ सुपरग्लू इथे निरुपयोगी, तो छिद्रांत मुरून जातो. पाण्याबाहेर कोरडे खडक जोडताना मात्र त्याचा एक उपयोग होतो. सांध्यात ॲरागोनाइटची वाळू किंवा खडकाचा चुरा भरून वर पातळ गोंद सोडला की क्षणात दगडासारखी गाठ बनते. अल्कधर्मी चुऱ्यामुळे क्रिया भडकते, उष्णता आणि डोळ्यांत पाणी आणणारी वाफ निघते, म्हणून हे काम गॅलरीत करावे. कापूस किंवा सुती हातमोजा याच्या जवळही नको. सुतावर हा गोंद सांडला तर चटका बसण्याइतका तापतो, धूरही निघतो.

विषारीपणाच्या बाबतीत याची पत चांगली आहे. याच कुळातील ऑक्टिल सायनोॲक्रिलेटला १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जखम जोडण्यासाठी मान्यता दिली. दुकानातला गोंद बहुधा इथिल प्रकारचा असतो. तो जखमेसाठी नाही, पण टाकीत त्याचा अनुभव दीर्घ आणि निर्वेध आहे. दोष ताकदीचा आहे. हा गोंद ताणाला बरा, पण ठोक्याला ठिसूळ, आणि खाऱ्या पाण्यात काही महिन्यांनी, वर्षाने त्याची पकड ढिली पडत जाते. प्रवाळाच्या तुकड्याला याची चिंता नसते, कारण तोवर त्याने स्वतःच्या सांगाड्याने खडक धरलेला असतो. दोन मोठ्या खडकांत तसे घडत नाही.

इपॉक्सी पुटी. राळ आणि अमाइन जातीचा कठीणक असे दोन भाग सारखे घेऊन कणकेसारखे मळायचे, रंग एकजीव झाला की वापरायचे. घरात गळका नळ बुजवायला आणतो त्या ‘एमसील’च्या जातीचाच हा पदार्थ, पण प्रवाळाच्या टाकीसाठी मिळणारी पुटी जांभळट किंवा करड्या रंगाची असते आणि पाण्याखाली वापरण्यासाठीच घडवलेली असते. तिचे खरे बळ फट भरण्यात आहे. खडबडीत दगडांचे दोन पृष्ठ तीन-चार बिंदूंवरच टेकतात. गोंदाला धरायला जागाच नसते. पुटी त्या पोकळीत बसून साच्यासारखी कुलूप घालते. ती चिकटते कमी, अडकवते जास्त.

तिचा त्रास पहिल्या दिवशीच दिसतो. अमाइन पाण्यात विरघळते, आणि नीट न मळलेल्या पुटीतून ते जास्त सुटते. पाणी किंचित धुरकट होते आणि प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर कपात काढणारे यंत्र, वेड्यासारखा फेस काढू लागतो, कधी कप भरून जमिनीवर ओततो. मोठ्या टाकीत पुटीच्या एखाद्या कांडीने काही बिघडत नाही. छोट्या टाकीत एकाच दिवशी तीन-चार कांड्या वापरणे हा आततायीपणा. काम थोडे-थोडे करावे, स्किमरचा कप एक दिवस काढून ठेवावा, सक्रिय कार्बन चालू ठेवावा. पुटी हाताळायला पाच ते वीस मिनिटे मिळतात, पूर्ण पक्की व्हायला सुमारे २४ तास लागतात. उन्हाळ्यात हा अवधी आखडतो. मे महिन्यातल्या दुपारी पुटी हातातच घट्ट होते. हातमोजे घालणे हे लाड नव्हेत. कच्च्या इपॉक्सीचे त्वचेला एकदा वावडे बसले की ते जन्मभर पाठ सोडत नाही.

जुने शौकीन दोन्ही एकत्र वापरतात. पुटीच्या गोळ्याच्या दोन्ही अंगांना सुपरग्लूचा जेल लावून तो दोन दगडांत दाबायचा. गोंद तात्काळ धरून ठेवतो, पुटी मागाहून कठीण होऊन कुलूप घालते. पाण्याखालच्या जोडणीला याहून भरवशाची युक्ती नाही. फ्लॉरिडाच्या समुद्रात रोपवाटिकेत वाढवलेले प्रवाळ प्रवाळभित्तीवर लावताना पाणबुडे सागरी इपॉक्सी वापरत आले आहेत.

सिलिकॉन. काचेची टाकी जोडली जाते ती सिलिकॉनने, तेव्हा ते सुरक्षित आहे यात वाद नाही. मात्र बाथरूम-किचनसाठीच्या नळीत बुरशीनाशक असते, ती टाळायची. गैरसमज वेगळाच आहे. पक्के होताना व्हिनेगरसारखा वास सोडणारे सिलिकॉन ॲसिटिक आम्ल बाहेर टाकते. काचेवर ते उडून जाते. चुनखडकावर मात्र आम्ल आणि कार्बोनेट यांची क्रिया होऊन दोहोंच्या मध्ये भुसभुशीत थर उरतो आणि पकड तिथेच सुटते. संगमरवरावर व काँक्रीटवर हे सिलिकॉन वापरत नाहीत ते याच कारणाने. शिवाय खडक कोरडाठाक आणि धूळमुक्त हवा, तो नसतो. म्हणजे पदार्थ निर्विष, पण कामाला नालायक.

सिमेंटचा मसाला. कोरड्या खडकाची मोठी रचना टाकीबाहेर उभारायची असेल तर सर्वांत टिकाऊ आणि स्वस्त. अडचण चुन्याची. ओल्या पोर्टलंड सिमेंटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५ ते १३ असतो, आणि मोकळा चुना आठवडेच्या आठवडे झिरपत राहतो. जोडलेली रचना साध्या पाण्याच्या पिंपात बुडवून पाणी बदलत राहावे आणि ताज्या पाण्याचा पीएच दोन-तीन दिवस चढेनासा झाला की मगच ती टाकीत न्यावी. वॉटरप्रूफिंगची भुकटी, टाइल चिकटवायचे तयार मिश्रण, रंगीत सिमेंट यांत काय-काय आहे ते पोत्यावर सगळे छापलेले नसते. साधे सिमेंट आणि धुतलेली वाळू बरी.

पॉलियुरेथेन फोम हलका असतो, वर तरंगू पाहतो, आणि पाठभिंतीपलीकडे त्याचे काम नाही. हॉट ग्लू गार खडकाला धरतच नाही. खरा पर्याय गोंद टाळण्याचा आहे : मेसनरी बिटने, म्हणजे दगडासाठीच्या ड्रिलच्या पात्याने, भोक पाडून फायबरग्लास किंवा ॲक्रिलिकची कांडी घालावी आणि वरून थोडी पुटी भरावी. कमानीचा भार तेव्हा कांडीवर जातो. स्टीलची कांडी मात्र नको. ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टीलसुद्धा कोमट खाऱ्या पाण्यात, जिथे प्राणवायू पोचत नाही अशा फटीत, आतून कुरतडले जाते.

भारतात खडक कोणता मिळतो यावर गोंदाची निवड बरीच ठरते. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, पंख्याच्या आकाराचे सी फॅन हे सर्व २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून, म्हणजे १९८७ मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरातून, प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. मेलेला, पांढरा पडलेला तुकडाही त्याला अपवाद नाही. त्यामुळे इथल्या टाक्यांत सिरॅमिकचा, सिमेंटचा किंवा जमिनीवरच्या जुन्या चुनखडकाचा कोरडा दगड जास्त दिसतो. कोरड्या दगडाचा फायदा असा की सगळी जोडणी पाणी भरण्याआधी, जमिनीवर, घाई न करता करता येते.

अनोळखी गोंद पारखायचा तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालतो असा उल्लेख शोधावा. अमेरिकी मालावर तो ‘एनएसएफ ६१’ या मानकाच्या नावाने असतो. घरी एक चाचणीही करता येते. गोंदाची सुपारीएवढी गाठ २४ तास पक्की होऊ द्यावी, लिटरभर खाऱ्या पाण्यात टाकावी आणि त्यात आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकतीच उबवलेली पिल्ले सोडावीत. शेजारी गोंदाविना तसेच भांडे ठेवावे. दोन दिवसांत पहिल्या भांड्यातली पिल्ले जास्त मेली तर प्रश्न मिटला. जगली तर मात्र मिटत नाही, कारण आर्टेमिया मिठागरातही जगणारा चिवट जीव आहे. प्रवाळ तितका नाही.

निसर्गाने हाच प्रश्न चुनखडीनेच सोडवला आहे. कोकणातल्या कातळावरचे कालव काढायला लोखंडी हत्याराने ठोकावे लागते, कारण त्याचा सिमेंटासारखा लेप बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटाचा असतो आणि त्यात थोडे प्रथिन गुंफलेले असते. प्रवाळभित्तीचे सुटे तुकडे सांधतात ती चुनखडी साठवणारी गुलाबी-जांभळी शेवाळे. टाकीत तीच शेवाळे वर्षभरात पुटीच्या गोळ्यावर चढतात आणि सांधा कुठे होता ते दिसेनासे होते.

जोड उकलायची वेळ येते तेव्हा ही शेवाळे आड येतात. सुपरग्लूचा सांधा छिन्नीच्या एका हलक्या ठोक्याने सुटतो. पुटीचा सुटत नाही. तिथे पुटीच्या शेजारचा दगडच फुटतो. म्हणून पुढेमागे जागा बदलावी लागेल असा प्रवाळ थेट मोठ्या खडकावर न लावता मुठीएवढ्या दगडावर लावतात, आणि तो दगड फक्त गोंदाच्या दोन थेंबांवर ठेवतात.