विधेयकावर हरकत-सूचना पाठवायचीय? फॉर्म शोधत बसू नका, आधी हे वाचा

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच लिहून टाकतो. प्रश्न साधारण असा असतो, की विधिमंडळात अमुक बिल आलंय, ते आपल्याला पटत नाही किंवा त्यातली एखादी ओळ खटकतेय, तर आपल्यासारख्यानं काय करायचं, फॉर्म कुठं मिळतो आणि आधारची झेरॉक्स लागते का. तर फॉर्म नसतो. आधारही कोणी मागत नाही. कोरा कागद, नाव, पत्ता, सही, तारीख आणि बिलातली नेमकी जागा, एवढंच लागतं. गंमत म्हणजे लोक आधार, पॅन, रेशनकार्ड सगळं जोडतात आणि ही नेमकी जागा तेवढी लिहायची विसरतात.

आधी एक बघून घ्या, विषय राज्याच्या हातातला आहे का. लोकसभा-विधानसभेच्या मतदार याद्या आणि निवडणुका संसदेच्या १९५० आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यांवर चालतात, त्यावर मुंबईत कितीही पत्रं पाठवली तरी उपयोग नाही. पण गावापासून महापालिकेपर्यंत कोणी उभं राहायचं, सरपंच कोणी निवडायचा, प्रभाग किती जणांचा, बाजार समितीत मत कोणाला, हे सगळं राज्याच्या कायद्यांत आहे आणि राज्य ते फार सहज बदलतं. सरपंचाचंच घ्या. २०१७ ला थेट जनतेतून निवड आली, २०२० ला दुसऱ्या सरकारनं ती काढली, २०२२ ला तिसऱ्यानं परत आणली. बाजार समितीत २०१७ ला दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मत मिळालं, २०२० ला ते गेलं. मुंबईत प्रभाग २२७ चे २३६ झाले आणि परत २२७. यातलं बरोबर काय चूक काय यावर गावात पारावर तासन् तास भांडणं झाली असतील, पण लेखी म्हणणं किती जणांनी पाठवलं? मी स्वतः तेव्हा नव्हतं पाठवलं, त्यामुळे दुसऱ्याला काय बोलू.

आता मूळ अडचण. आपल्याकडं प्रत्येक बिलावर जनतेचं मत मागवायची सक्ती नाही. केंद्राचं २०१४ चं एक धोरण आहे की कायद्याचा मसुदा तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, पण ते केंद्राच्या खात्यांसाठी आणि तेही धोरणच, कायदा नव्हे. इथं बिल सकाळी मांडलं आणि संध्याकाळी पास, असंही होतं. प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडं घेणारी बिलं ७ मार्च २०२२ ला एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत एकमतानं पास झाली. एकमतानं, म्हणजे विरोधक पण सोबत. अशा वेळी तुम्ही हरकत लिहिणार कधी आणि टपाल पोचणार कधी.

खिडकी उघडते ती बिल दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं की. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कारवाया रोखायला म्हणून आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण घेतो कारण ते बऱ्याच जणांना आठवत असेल. २०२४ चं विधानसभा विधेयक क्रमांक ३३. जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा आलं, विधानसभेची मुदत संपली म्हणून ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं, डिसेंबर २०२४ ला नागपूर अधिवेशनात परत मांडलं आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडं गेलं. समितीनं जाहिरात देऊन हरकती-सूचना मागवल्या, १ एप्रिल २०२५ पर्यंत मुदत दिली, बारा हजारांच्या वर आल्या. जुलै २०२५ मध्ये समितीचा अहवाल आला आणि १० तारखेला विधानसभेत, ११ ला परिषदेत बिल पास झालं. आता लोक म्हणतात मग बारा हजार पत्रांचा काय फायदा. विरोध करणाऱ्यांना हवं होतं तसं बिल काही मागं घेतलं गेलं नाही, हे खरंच. पण मूळ मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ असं मोघम होतं तिथं समितीनंतर ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना किंवा तत्सम संघटना’ असं आलं, संघटनेवरची बंदी योग्य की नाही ते बघणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याचा दर्जा वाढवून उपअधीक्षकापर्यंत नेला. आता ‘तत्सम’ म्हणजे कोण हा वाद राहिलाच, तो वेगळा विषय. पण बदल कुठं झाले बघा, सगळे शब्दांत आणि कलमांत झाले. आणि पत्रांतलं बरंचसं नुसतं ‘बिल रद्द करा’ असं असेल तर समितीच्या कर्मचाऱ्यानं ते कुठल्या कलमाखाली लावायचं सांगा.

म्हणून बिल मिळवा. विधिमंडळाच्या वेबसाइटवर अधिवेशनानुसार बिलांच्या पीडीएफ असतात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मराठी वाचताना झोप येते हे मान्य, पण वाचा. सुरुवात शेवटून करा असं मी सांगतो. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं, त्यात सरकार हे का करतंय ते त्यांच्याच शब्दांत असतं. त्याच्यासोबत ‘वैधानिक अधिकार सोपविण्याबाबतचे ज्ञापन’ म्हणून एक छोटा तुकडा असतो, तो कोणी वाचत नाही, आणि खरी मेख तिथंच असते, कारण पुढं नियम करून किंवा अधिसूचना काढून सरकार काय काय ठरवणार ते तिथं सांगितलेलं असतं. बिल दुरुस्तीचं असेल तर मूळ कायदा शेजारी ठेवल्याशिवाय काहीच कळत नाही, ‘कलम १४ मधील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द’ एवढंच लिहिलेलं असतं. आणि हो, बिल असेपर्यंत त्याला खंड म्हणतात, कायदा झाला की कलम. ‘कलम’ लिहिलं म्हणून कोणी पत्र फेकून देत नाही, पण ‘खंड’ लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं या माणसानं बिल उघडून बघितलंय.

आता पत्र. २०१७ ला सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यासाठी १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट आली. समजा ते बिल आज समितीसमोर असतं, तर ‘ही अट गरिबांवर अन्याय आहे, निषेध’ असं लिहायचं नाही. असं लिहायचं: ‘खंड अमुक, पोटखंड तमुक. यातील सातवी उत्तीर्ण ही अट वगळावी. कारण, आमच्या गावात वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा मध्येच सुटते, त्यामुळे राखीव जागेवर उभे राहण्यास पात्र उमेदवारच उरत नाही. अट ठेवायचीच असल्यास पर्यायी सूचना, निवडून आल्यानंतर प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट घालावी.’ बस. मागणी, कारण आणि पर्याय. तुमच्या डोळ्यासमोरची एक खरी गोष्ट आणि त्यांना उचलून बिलात ठेवता येईल असं एक वाक्य. दोन पानांच्या वर जाऊ नका. खाली एक ओळ टाका, ‘समितीने संधी दिल्यास प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची तयारी आहे.’ बोलावतीलच असं नाही, पण लिहिलं नसेल तर बोलावणार कसे.

जनसुरक्षाच्या वेळी आमच्या तालुक्यात एका बैठकीत एकच मजकूर छापून झेरॉक्सचा गठ्ठा वाटला होता, नाव आणि सहीची जागा रिकामी. मी पण केली सही, काय करणार, चहा घेतला होता. पण त्याच बैठकीत एक रिटायर गुरुजी होते, त्यांनी गठ्ठ्यातलं पान बाजूला ठेवलं आणि वहीच्या पानावर व्याख्येतल्या एकाच शब्दावर सावकाश दहा-बारा ओळी लिहिल्या. शाळेतल्या पोरांना बाहेर काढून रस्त्यासाठी मोर्चा नेला होता आम्ही, तो या शब्दात बसतो की नाही ते सांगा, असं काहीतरी. मला ते पान आमच्या अख्ख्या गठ्ठ्यापेक्षा जड वाटलं. छापील पत्रं पाठवूच नका असं नाही, संख्या मोजली जाते आणि बातमीत येते, पण त्यात निदान दोन ओळी हातानं स्वतःच्या लिहा.

पात्रतेचं विचाराल तर अशी जाहिरात जनतेसाठीच असते, व्यक्ती म्हणून पाठवा किंवा संस्था म्हणून. संस्थेचं असेल तर लेटरहेड, नोंदणी क्रमांक आणि शक्यतो बैठकीत झालेल्या ठरावाची प्रत जोडा, नाहीतर उद्या तुमच्याच संस्थेतला दुसरा पदाधिकारी उठून म्हणतो हे आमचं मत नाही. हे झालेलं मी बघितलंय. पुरावा म्हणून काही जोडायचं असेल, ग्रामसभेचा ठराव, एखादा जुना आदेश, तर जोडा आणि पत्रात ‘सोबत’ म्हणून त्याची यादी लिहा. कोणावर नाव घेऊन आरोप, जातीवरून काही, शिव्या, हे नको. किती प्रती हव्यात, ईमेल चालतो का, शेवटची तारीख टपाल पोचायची की टाकायची, हे प्रत्येक जाहिरातीत बघा.

पत्ता. इथं मी स्वतः माती खाल्लीय. बिलावरची सूचना जाते विधिमंडळ सचिवालयाला, विधान भवन, बॅकबे रेक्लमेशन, मुंबई ४०० ०३२, आणि पाकिटावर विधेयकाचा क्रमांक आणि वर्ष. मी एकदा सवयीनं ‘मंत्रालय’ लिहून बसलो. मंत्रालय आणि विधान भवन चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत, पण कागदाला ते अंतर कापायला किती दिवस लागतात ते विचारू नका, मुदत केव्हाच संपली होती. रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं राहिलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावतीचा मोबाइलवर लगेच फोटो काढून ठेवा, तो कागद महिन्याभरात पांढरा होतो. ईमेल करणार असाल तर सही केलेल्या पत्राची पीडीएफ करा, मेलच्या खिडकीत मजकूर ओतून पाठवू नका.

समितीच नेमली नाही तर? तर तुमचा आमदार. लोक आमदाराला फक्त निवेदन देतात, फोटो काढतात आणि घरी येतात. निवेदनाऐवजी सुधारणा द्या. म्हणजे बिलातल्या कुठल्या ओळीत काय बदलायचं ते टाइप करून द्या, कारण सभागृहात खंडशः, म्हणजे एकेक खंड घेऊन, विचार होताना कोणताही सदस्य रीतसर सूचना देऊन सुधारणा मांडू शकतो. बिल संयुक्त समितीकडं पाठवा किंवा लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करा असा प्रस्तावही सदस्य मांडू शकतो, तेवढी एक मागणी केली तरी चालेल. फक्त आपल्याच मतदारसंघाचा आमदार धरून बसू नका, विधान परिषदेत शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचे आमदार आहेत, तुम्ही पदवीधर मतदार असाल तर तेही तुमचेच. हे सगळं अधिवेशन सुरू व्हायच्या आधी करायचं, नागपूरला हिवाळी अधिवेशनात गर्दीत कागद हातात कोंबून काही होत नाही. दोन्ही सभागृहांत विनंती अर्ज समिती पण आहे. तिथला अर्ज एखाद्या सदस्यामार्फत जातो, भाषा सौम्य लागते, आणि कोर्टात चालू असलेला विषय घेत नाहीत. हा रस्ता सावकाश चालतो, चालू अधिवेशनातल्या बिलासाठी त्याच्यावर विसंबू नका.

वेळ लागतो म्हणून वैतागू नका असंही मी म्हणणार नाही, वैताग येतोच. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची (अंनिस) माणसं वर्षानुवर्षं विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवत होती, मसुद्यातले शब्द कितीदा बदलले, आणि वटहुकूम निघाला तो २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मात्र एप्रिल २०१६ मध्ये एकमतानं पास झाला, अंमल जुलै २०१७ पासून. त्यामागं जात पंचायतीनं वाळीत टाकलेल्या घरांच्या तक्रारी होत्या, गाव-तारीख-दंडाची रक्कम लिहिलेल्या.

बिल पास झालं की सगळे निघून जातात, आणि तिथंच दुसरी खिडकी उघडते. कायद्याखालचे नियम बऱ्याचदा आधी मसुदा म्हणून राजपत्रात छापतात आणि हरकतींसाठी तारीख देतात. कुणबी नोंद सापडलेल्यांच्या नातेवाइकांनाही जात प्रमाणपत्र द्यायची ‘सगेसोयरे’ची अधिसूचना आठवतेय ना, २६ जानेवारी २०२४ चा मसुदा, हरकती १६ फेब्रुवारीपर्यंत, लाखांनी आल्या. ती कुठल्या बिलावर नव्हती, जात प्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांतल्या दुरुस्तीवर होती. या हरकती मात्र मंत्रालयात जातात, संबंधित विभागाकडं, म्हणजे इथं माझा चुकलेला पत्ता बरोबर ठरला असता. असे मसुदे बघायला शासन मुद्रणालयाच्या साइटवर राजपत्राचा भाग चार-ब उघडायचा. मी दर शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं बघतो, बायको म्हणते क्रिकेट बघा त्यापेक्षा.