शकुंतला रेल्वे

पश्चिम विदर्भातील नॅरोगेज लोहमार्ग. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर जंक्शनवरून याचे दोन फाटे फुटतात : एक आग्नेयेला कारंजा-दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत (सु. ११३ किमी.) आणि दुसरा उत्तरेला दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरपर्यंत (सु. ७६ किमी.). रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट (७६२ मिमी.). कागदोपत्री ही सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची मालमत्ता, पण वऱ्हाडात ते नाव कोणाच्या तोंडी बसले नाही. गाडी म्हणजे ‘शकुंतला’. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी (३५ किमी.) हा तुकडा याच कंपनीचा, मात्र या दोन फाट्यांपासून अगदी सुटा.

मार्ग निघाला तो कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची मोठी लाइन नागपूरला पोचली. पाठोपाठ जलंब–खामगाव आणि बडनेरा–अमरावती हे छोटे फाटे झाले, तेही कापसाच्या बाजारांसाठीच. यवतमाळ आणि अचलपूरकडचा माल तरीही बंड्यांनी (बैलगाड्यांनी) स्टेशनवर आणावा लागे. काळ्या मातीत पावसाने चाक रुतले की बंडी जागीच. ही उणीव भरायला किलिक निक्सन या पेढीने १९१० मध्ये कंपनी उभारली आणि त्या दशकात लाइन चालू झाली. गाड्या चालवण्याचे काम कराराने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे होते, १९५१ नंतर मध्य रेल्वेकडे आले.

स्टेशनांची यादी वाचताना कापसाच्या पेठांची यादी वाचल्यासारखे वाटते. यवतमाळ फाट्यावर कारंजा, दारव्हा (स्टेशनचे नाव दारव्हा मोतीबाग), लाडखेड. अचलपूर फाट्यावर लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट. दर्यापूरचे स्टेशन मात्र बनोसा या नावाने ओळखले जाते, आणि परका माणूस तिथे हमखास फसे. अचलपूरकडे जाताना लाइन पूर्णा ओलांडते. हा खारपाणपट्टा, विहिरीला पाणी लागते पण ते खारे, म्हणून शेतात कोरडवाहू कपाशी आणि तूर. अंजनगाव जवळ आले की विड्याच्या पानांचे मळे, पुढे अचलपूर-परतवाड्याला संत्री आणि मेळघाटातले सागवान. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, त्यामुळे तिथे उतरणाऱ्यांत सरकीच्या हिशेबासाठी आलेल्यांइतकाच गुरुमंदिराच्या दर्शनाला आलेल्यांचा भरणा असे. गाडगेबाबांचे शेंडगाव अंजनगाव तालुक्यात आणि ते जिथे लहानाचे मोठे झाले ते मामाचे दापुरे मूर्तिजापूर तालुक्यात. त्यांचे बालपण असे या एका फाट्याच्या दोन टोकांकडे विभागलेले आहे, फक्त तेव्हा गाडी नव्हती.

अडीच फुटी मापाची खरी किंमत मूर्तिजापूरला मोजावी लागे. नॅरोगेजचा डबा मोठ्या लाइनवर जात नाही. कापसाची आजची प्रमाण गाठ १७० किलोची. तशा गाठी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायच्या, त्याही हमालांच्या पाठीवरून. रूळ घालताना वाचवलेला पैसा पुढे हमालीत जात राहिला.

गाडीचा वेग हा वऱ्हाडात थट्टेचा विषय. शेवटच्या वर्षांत ती ताशी २० किमी.च्या आसपास रखडे. मनुष्यबळ इतके कमी की वाटेतल्या अनेक फाटकांवर कोणी नेमलेलेच नव्हते. गाडी फाटकाअलीकडे थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची. मग फाटक उघडून तो शेवटच्या डब्याकडे यायचा. अडलेल्या बंडीवाल्यालाही घाई नसे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावत होते; १५ एप्रिल १९९४ रोजी ते उतरवून डिझेल इंजिन जोडले गेले. तरीही एस.टी.पेक्षा तिकीट कितीतरी स्वस्त, म्हणून शेतमजूर, भाजीवाल्या बाया आणि शाळकरी पोरे तिलाच धरून राहिली.

‘देश स्वतंत्र झाला, शकुंतला नाही’ अशा चालीची वाक्ये वर्तमानपत्रांत नेहमी येतात. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणात ही लाइन सुटली आणि मालक कंपनीशी सरकारचा करार पुढेही चालू राहिला, एवढा भाग बरोबर आहे. ‘अजून गोऱ्यांच्या ताब्यात’ हे मात्र रंगवून सांगणे आहे : किलिक निक्सन ही १८५७ मध्ये मुंबईतच निघालेली पेढी, आणि पुढे ती भारतीय उद्योगपतींकडे गेली. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न या दुहेरी कारभारात लोंबकळला, हे नुकसान त्या भावनिक गोष्टीपेक्षा मोठे.

रूळ आणि पूल जीर्ण होत गेले. २०१० च्या दशकात आधी यवतमाळ फाट्यावरची आणि नंतर अचलपूर फाट्यावरची गाडी बंद पडली. २०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेज रूपांतरासाठी सु. १,५०० कोटी रुपयांची मंजुरी जाहीर झाली. गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून अचलपूरकडच्या लोकांनी आंदोलनेही केली.

दरम्यान यवतमाळकडे ब्रॉडगेज दुसऱ्याच बाजूने येत आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा–कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. पुढे हा मार्ग दारव्हा, दिग्रस, पुसद असा जातो. कारंजा, दर्यापूर आणि अंजनगाव त्यावर नाहीत.