मिसळीची नाही, पिझ्झ्याची हुरहुर

नाशिककराला मिसळीवरून जरा डिवचून बघा. रस्सा काळा बरा की लाल, पापड हवाच का, चुलीवरची म्हणून जी देतात ती खरंच चुलीवरची असते का, यावर अर्धा तास सहज जातो. आवाज चढतात, पण गळा कुणाचाच दाटून येत नाही. आता चाळिशीतल्या चार नाशिककरांसमोर, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या आणि आता बंद पडलेल्या एखाद्या चेन पिझ्झा हॉटेलचा विषय काढा. सगळे एकदम मवाळ होतात. ते लाल रेक्झिनचे सोफे, ते जाड तळाचं तेलकट पॅन, जाताना वाजवायची दारातली घंटा! एकजण तर ओरेगॅनोच्या पुड्या खिशात घालून कशा आणायचो, तेही सांगून टाकतो.

हिशेबाने पाहिलं तर हे उलटं आहे. मिसळ आपली, पिझ्झा परका. पिझ्झा हट सुरू झालं १९५८ साली, अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात विचिटा गावी, डॅन आणि फ्रँक या कार्नी बंधूंच्या हातून. डॉमिनोजचा जन्म १९६० चा, मिशिगनमधला. दोन्ही चेन भारतात आल्या १९९६ मध्ये, आणि महानगरं सोडून आपल्यासारख्या शहरांकडे वळायला त्यांना आणखी काही वर्षं लागली. पीठ किती, चीज किती, ओव्हन किती तापवायचा, सगळं कंपनीच्या कागदावर ठरलेलं. अशा साच्यातल्या पदार्थासाठी जीव हळहळावा आणि जिच्यावर वाढलो त्या मिसळीसाठी नाही, हे कसं? उत्तर आठवणी साठवण्याच्या मेंदूच्या रीतीत आहे.

या हुरहुरीला, इंग्रजीतल्या ‘नॉस्टॅल्जिया’ला, एके काळी चक्क आजार समजत. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तिच्यावर प्रबंध लिहिला. परमुलखात गेलेल्या स्विस लोकांची झोप उडते, भूक मरते, अंगात कसर राहते, आणि घरी पाठवलं की माणूस बरा होतो, असं त्याचं निरीक्षण. पुढे १७०५ मध्ये योहान याकोब शॉइख्त्सर या स्विस शास्त्रज्ञाने दोष हवेच्या दाबाला दिला. डोंगरातली माणसं सखल भागात उतरली की जड हवा त्यांच्या रक्तावर दाब टाकते, म्हणे. हे खरं असतं तर पंचवटी एक्स्प्रेसने रोज कसारा घाट उतरून मुंबई गाठणाऱ्या नाशिककरांची धडगत नव्हती. जवळपास सहाशे मीटरवरून समुद्रसपाटीला जायचं आणि रात्री परत यायचं, आणि तरी त्यांना काळजी कसली, तर खिडकीच्या जागेची.

आता मानसशास्त्रज्ञ हिला आजार म्हणत नाहीत. टिम विल्डशुट, कॉन्स्टँटिन सेडिकिडीस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लोकांच्या अशा आठवणी लिहून घेऊन तपासल्या. बहुतेकींत मुख्य पात्र सांगणारा स्वतः असतो, भोवती जवळची माणसं असतात, आणि आठवण उसळते ती बहुधा मन उदास किंवा एकटं असताना. म्हणजे पिझ्झ्याच्या आठवणीतही पिझ्झा नायक नसतोच, टेबलाभोवतीची टोळी नायक असते. जपानमध्ये २०१६ साली झालेल्या मेंदूच्या स्कॅनच्या एका अभ्यासात, लहानपणच्या वस्तूंची चित्रं पाहताना आठवणींचं केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस आणि बक्षीस मिळाल्यावर चेतणारे भाग एकाच वेळी सक्रिय झालेले दिसले. हुरहुरीत दुखतंही आणि बरंही वाटतं, याचा काही खुलासा त्यातून होतो.

पण अशा आठवणी कोणत्या वयातल्या? साठी गाठलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या आणि त्या वयानुसार मांडल्या, तर आलेखात साधारण दहा ते तीस या वयात एक उंचवटा दिसतो. डेव्हिड रूबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तो दाखवला आणि नंतर तो अनेक देशांत दिसला. कारणांवर एकमत नाही. कुणी म्हणतं मेंदू त्या वयात ऐन भरात असतो, कुणी म्हणतं ‘मी कोण’ हे तेव्हा ठरतं, तर कुणाच्या मते त्या वयात आयुष्यातल्या पहिल्या गोष्टींची गर्दी असते. मला तिसरं कारण सर्वांत पटतं. घरच्यांशिवाय हॉटेलात बसणं पहिल्यांदा, मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचणं पहिल्यांदा, कॉन्ट्री काढून, टेबलाखाली सुट्टे मोजून बिल भरणं पहिल्यांदा. मिसळ पहिल्यांदा कधी खाल्ली हे कुणाला आठवतं? ती वडिलांच्या ताटातल्या पावाच्या तुकड्याने कधीतरी सुरू झाली, एवढंच.

नवलाईचा आणखी एक गुण आहे. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक गोष्ट वाचून दाखवली. काही वर्गांना त्याच्या तासभर आधी किंवा नंतर एक अगदी वेगळा, अनोळखी तास दिला. दुसऱ्या दिवशी त्या मुलांना गोष्ट जास्त चांगली आठवली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या अनुभवाने मेंदूत डोपामिनसारखी रसायनं सुटतात, आठवण पक्की करणारी प्रथिनं तयार होतात, आणि त्या वेळेच्या आसपास घडलेल्या किरकोळ गोष्टींनाही त्यांचा फायदा मिळतो, असा त्यामागचा तर्क. कोणता पिझ्झा मागवला ते विसरलेला मित्र समोरच्या मुलीच्या ओढणीचा रंग बिनचूक सांगतो, तो कदाचित याच जोरावर. (कदाचित दुसऱ्याही कारणाने.)

आता वासाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

चव म्हणून आपण जे सांगतो त्यातला मोठा भाग वास असतो. घास चावताना त्यातले गंधरेणू घशाच्या मागून नाकात चढतात. तिथे माणसाकडे सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राही असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ चं नोबेल मिळवलं. डोळ्यांचा आणि कानांचा संदेश मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या थरात, जाण्याआधी थॅलॅमस नावाच्या थांब्यावरून जातो. वासाचा संदेश तो थांबा टाळून भावनांशी जोडलेल्या अमिग्डालाजवळ थेट पोचतो, आणि हिप्पोकॅम्पसही तिथून लांब नाही. फोटो पाहून ‘हो, आठवतंय’ म्हणणारा माणूस वासाने एकदम तिथे जाऊन उभा राहतो, याचा संबंध या जवळिकीशी लावला जातो.

पिझ्झ्याचा तो वास येतो कुठून? तळाला तेल चोपडलेल्या पॅनमध्ये पीठ फुगवून भाजलं की बूड जवळजवळ तळून निघतं. कडांमधलं पाणी उडालं की शर्करा आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि खमंग तांबूस रेणूंची रास तयार होते. ही लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली अभिक्रिया, आणि आपल्या भाकरीवरचे डागही तिचेच. मोझरेला चीजवर ते तपकिरी ठिपके का उठतात यावर न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाने चक्क संशोधन केलं, २०१४ मध्ये. मोझरेला लवचीक असल्याने वाफेने त्याचे मोठे फुगे होतात. फुग्याच्या माथ्यावरून तेल ओघळून जातं, माथा उघडा पडतो आणि करपतो. चेडरमध्ये एवढी लवचीकता नसते. शिवाय मोझरेला बनवताना वापरलेले काही जिवाणू दुधातली गॅलॅक्टोज साखर न खाता तशीच ठेवतात, तीही तांबूसपणाला हातभार लावते.

पण नाकाला पहिली धडक बसते ती ओरेगॅनोची. आमच्याकडे त्या पुड्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचांत साठायच्या. आईने एकदा एक पुडी फोडून हुंगली आणि म्हणाली, “यात काय एवढं, ओव्याचा वास येतोय.” आम्ही तिला वेड्यात काढलं. रसायनशास्त्र तिच्या बाजूने आहे. ओरेगॅनोच्या तेलातला मुख्य रेणू कार्वाक्रोल, जोडीला थायमॉल. ओव्याच्या तेलातला मुख्य रेणू थायमॉल. दोघांतही दहा कार्बन, चौदा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. फरक इतकाच की ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी रेणूतल्या कार्बनच्या कड्याच्या वेगळ्या कोपऱ्याला चिकटलेली असते. हे रेणू नुसते वास देत नाहीत. त्वचेत आणि तोंडात ऊब ओळखणारं टीआरपीव्ही-३ नावाचं एक प्रथिन असतं, तेही त्यांनी चेततं, हे २००६ मध्ये दिसून आलं. तिखटाच्या पुडीतलं कॅप्सेसिन त्याच्या भावंडाला, टीआरपीव्ही-१ ला डिवचतं. म्हणजे दोन पुड्या भुरभुरल्यावर जिभेला जाणवणारी ऊब काही ओव्हनची आणि काही या रेणूंची.

इथे माझा एक अंदाज, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. शब्दांनी आणि चित्रांनी जाग्या होणाऱ्या आठवणी तरुण वयातल्या जास्त असतात, पण वासाने जाग्या होणाऱ्या बऱ्याचदा दहा वर्षांच्या आतल्या असतात, असं स्वीडनमधल्या ज्येष्ठांवरच्या अभ्यासांत आढळलंय. मराठी घरात ओवा पोटदुखीला, बाळंतिणीच्या सुपारीत, तान्ह्या बाळाच्या शेकात. तेव्हा अठराव्या वर्षी पिझ्झा हॉटेलात गेलेलं आपलं नाक कोरं नव्हतं. परक्या टेबलावर त्याला आजीच्या खोलीतला एक रेणू भेटला असणार. त्या हॉटेलात एवढं सुखरूप का वाटायचं, याचं थोडं श्रेय मी ओव्याला द्यायला तयार आहे.

मिसळीचं कोडं मात्र अजून उरलंच आहे, कारण वास तिलाही आहे आणि चांगला दणदणीत आहे. १९७५ मध्ये ओल्गा आणि मायकेल वॉटकिन्स यांनी स्मरणशक्तीबद्दल एक साधी गोष्ट मांडली. एका खुणेला जितक्या जास्त गोष्टी बांधाल, तितकी ती खूण एकेक गोष्ट परत आणायला कुचकामी ठरते. खुंटीवर एकच सदरा असेल तर अंधारातही हाती लागतो. तिच्यावर तीस वर्षांचे कपडे लटकले असतील तर काय ओढून काढणार? मिसळीचं तेच झालंय. शाळा सुटल्यावरची, परीक्षेनंतरची, पाहुण्यांबरोबरची, परवाच्या रविवारी गंगापूर रोडच्या पुढे मळ्यात खाटेवर बसून खाल्लेली, सगळ्या एकाच वासाला बांधलेल्या. मिसळीच्या वासाने भूक लागते, आठवण एकही नीट निघत नाही.

पिझ्झा हॉटेलचं उलट. पैशांअभावी जाणं क्वचितच व्हायचं, वाढदिवशी नाहीतर निकालाच्या दिवशी. चेनच्या साचेबद्धपणामुळे ते प्रत्येक वेळी तसंच असायचं, तेच दिवे, तोच सोफा, तोच वास. आणि मग ते बंद पडलं. नवी आठवण चढवायला जागाच उरली नाही, म्हणून जुनी जशी होती तशी राहिली. साचेबद्धपणाला आपण एरवी नाकं मुरडतो, पण खूण म्हणून त्याच्याइतकं कामाचं काही नाही. आचारी बदलला की मिसळ बदलते. कंपनीच्या कागदावरचं प्रमाण आचाऱ्याबरोबर जात नाही.

‘जशी होती तशी’ हे थोडं सैल बोलणं झालं. करीम नादर, ग्लेन शॅफे आणि जोसेफ लेडू यांनी २००० मध्ये उंदरांवर दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवणसुद्धा जागी केली की काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. त्या वेळी प्रथिनं बनणं औषधाने थांबवलं तर ती पुसट होते. माणसांच्या गप्पांना हे जसंच्या तसं लावणं घाईचं ठरेल, तरी दर गेट-टुगेदरला तीच गोष्ट जरा अधिक रंगून निघते हे कुणीही पाहिलेलं असतं. शिवाय काळाबरोबर वाईट प्रसंगांची टोचणी चांगल्या प्रसंगांच्या गोडीपेक्षा लवकर बोथट होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. काट्या-चमच्याने पिझ्झा कापताना तुकडा उडून शेजारच्या टेबलाखाली गेला होता, बिलात टॅक्स धरलाच नव्हता म्हणून एकाला घड्याळ तारण ठेवून एटीएमला पळावं लागलं होतं. तेव्हा मान खाली गेली होती. आता तोच सगळ्यात हुकमी किस्सा.

थंडीचाही यात हात असू शकतो. चीनमध्ये शिन्युए झोऊ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या प्रयोगांत थंड दिवशी, तसंच २० अंशांच्या खोलीत बसलेल्या लोकांत ही हुरहुर जास्त दिसली, आणि जुन्या आठवणीत रमलेल्यांना खोली जरा उबदार वाटली. प्रयोग छोटे आहेत, त्यांवर फार इमले बांधू नयेत. पण निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो त्या आठवड्यात जुन्या मित्रांचे फोन वाढतात असं मला वाटतं खरं.

अमेरिकेत ही हुरहुर आता धंद्याचा भाग झाली आहे. तिथल्या पिझ्झा हटची लाल उतरती छपरं रिचर्ड बर्क या वास्तुविशारदाने १९६९ च्या सुमारास घडवली. त्यांतल्या कित्येक इमारतींत आज भलतीच दुकानं आहेत आणि लोक छपरावरून जुनं हॉटेल ओळखतात. कंपनीने काही शाखा मुद्दाम जुन्या थाटात, लाल सोफे आणि रंगीत काचेचे दिवे लावून पुन्हा उघडल्या. वॉटकिन्स यांचं म्हणणं लावायचं तर पहिल्या भेटीत तिथे गळा दाटेल, दर आठवड्याला जाणाऱ्याला काही महिन्यांत फक्त पिझ्झा लागेल. कंपनीला मात्र दर आठवड्याला येणारं गिऱ्हाईकच परवडतं.

नाशिकमध्ये तसं काही उघडेपर्यंत गॅलरीतल्या कुंडीत पानओवा असेल तर बघा. ज्याच्या जाड पानांची भजी करतात तोच. त्याच्या तेलात कार्वाक्रोल चांगलं असतं. दोन पानं अगदी बारीक चिरून तव्यावरच्या घरगुती पिझ्झ्यावर टाकता येतात, पण पिझ्झा उतरवल्यानंतर, कारण पानं रसाळ असतात आणि आधी घातली तर चीजवर पाणी सुटतं. दोनच घाला, जास्त झाली तर जीभ चुरचुरते.